चीनचा माल थांबवण्याआधी आपण तिकडे काय पाठवतो ते पाहावे

आपण विचारले आहे की चीनमधून येणारा माल सरकारने एकदाचा बंद केला, तर बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यातील लहान कारखान्यांना फायदा होईल की तोटा. माझ्यापुरते सांगायचे तर माझी भट्टी थोड्याच आठवड्यांत थंड पडेल. तरीही चीनशी चालणाऱ्या व्यापारावर माझा राग आहेच. फक्त तो राग तिकडून येणाऱ्या मालापेक्षा इकडून जाणाऱ्या मालावर अधिक आहे, आणि ही गोष्ट कोणी विचारत नाही म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमची बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) कास्टिंगची फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, आहे. वडिलांनी ती सुरू केली आणि आता मी चालवतो. साध्या ग्रे आयर्नबरोबर आम्ही एसजी आयर्न हे अधिक चिवट बीडही ओततो, आणि एसजी आयर्नला मॅग्नेशियम लागते. जगातील मॅग्नेशियम धातूचा फार मोठा हिस्सा चीनमध्ये तयार होतो आणि भारतात त्याचे व्यापारी उत्पादन जवळजवळ नाही. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये तेथील शान्शी प्रांतातल्या यूलिन भागात वीज वाचवण्यासाठी मॅग्नेशियमच्या भट्ट्या बंद ठेवण्याचे आदेश निघाले, तेव्हा आमच्याकडे पोहोचणाऱ्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा दर इतका चढला की जुन्या दराने घेतलेल्या ऑर्डरी पुऱ्या करणे म्हणजे खिशातले पैसे घालणे झाले होते. मशीन शॉपची स्थिती वेगळी नाही. लेथवर आणि व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग यंत्रावर) धातू कापायला लागणारी कार्बाइडची पाती, म्हणजे इन्सर्ट, टंगस्टनपासून बनतात, टंगस्टनच्या उत्पादनात चीनचाच वरचष्मा आहे, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत चीनने टंगस्टनच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. इन्सर्टच्या डबीवर युरोपातील कंपनीचे नाव असले तरी आतल्या भुकटीचा माग काढला तर बहुधा आपण चीनमध्येच पोहोचतो.

२०२० मध्ये गलवाननंतर आमच्या वसाहतीतही बहिष्काराचे फलक लागले होते. त्याचा परिणाम आकड्यांत पाहावा. २०१९-२० मध्ये चीनमधून आपण सुमारे ६५ अब्ज डॉलरचा माल आणला, बहिष्काराच्या २०२०-२१ या वर्षातही सुमारे ६५ अब्ज डॉलरचाच आणला, आणि २०२४-२५ मध्ये तो आकडा ११३ अब्ज डॉलरच्या पुढे गेला. त्या वर्षी आपली चीनला झालेली निर्यात १४ अब्ज डॉलरच्या आसपास होती, म्हणजे तूट साधारण ९९ अब्ज डॉलरची. फलक लावणाऱ्यांच्या कारखान्यांतही यंत्रे, बेअरिंग आणि सर्किट तिकडचीच होती, आणि हे त्यांनाही ठाऊक होते.

आता मला खरोखर सांगायचे आहे ते सांगतो. २००८ च्या उन्हाळ्यात पुण्याकडील एका पंप बनवणाऱ्या कंपनीच्या खरेदी विभागाने मला बोलावून घेतले. पंपाची बॉडी आणि इम्पेलर यांचे कास्टिंग आम्ही त्यांना वडिलांच्या काळापासून देत होतो. त्या वर्षी पिग आयर्नचा (आम्ही वितळवतो त्या कच्च्या लोखंडाचा) आणि हार्ड कोकचा (भट्टीतल्या दगडी कोळशाच्या इंधनाचा) दर इतका चढला होता की आम्ही दरवाढ मागणारे पत्र पाठवले होते, आणि मला वाटले की त्याचीच चर्चा होणार. साहेबांनी टेबलावर एक कास्टिंग ठेवले. ते चीनहून नमुना म्हणून आले होते. आमचेच ड्रॉइंग, आमच्याच मापाची बॉडी. त्यांनी ती मधोमध कापून घेतली होती. आत कोठे ब्लो होल (हवेने पडलेले पोकळ छिद्र) नव्हते, कडकपणा सगळीकडे सारखा होता आणि पृष्ठभाग आमच्यापेक्षा साफ होता, हे मी तेव्हाही कबूल केले. मग त्यांनी मुरगाव किंवा न्हावा-शेवा बंदरात उतरून पुण्याला पोहोचेपर्यंतचा किलोमागचा दर सांगितला. त्या किमतीत आमचा कच्चा माल आणि कोक एवढेच जेमतेम भागत होते. मोल्डरची (साचा भरणाऱ्या कारागिराची) मजुरी, वीज, वाळू, फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई), रिजेक्शन आणि नव्वद दिवसांच्या उधारीचे व्याज यांना त्यात जागाच नव्हती.

परतीच्या प्रवासात मी एकाच गोष्टीचा विचार करीत होतो. पिग आयर्न लोहखनिजापासून बनते आणि ते खनिज तेव्हा आमच्या दारावरून जात होते. बळ्ळारी-होसपेटकडून निघालेल्या खनिजाच्या मालगाड्या हुबळीवरून लोंढ्याला येत, कॅसलरॉकचा घाट उतरत आणि गोव्यातल्या मुरगाव बंदरात रिकाम्या होत. रेल्वेला न पेलणारे खनिज तेव्हा रामनगर आणि अनमोड घाटाच्या रस्त्याने ट्रकमधून जात होते. त्या काळात खानापूर तालुक्यातून गोव्याला गेलेल्या कोणालाही त्या तांबड्या धुळीविषयी वेगळे सांगावे लागणार नाही. बंदरातून ते बहुतेक चीनला जाई. चीनचे पोलाद उत्पादन २००० मध्ये १३ कोटी टनांपेक्षा कमी होते आणि २००८ मध्ये ते ५० कोटी टनांपर्यंत पोहोचले, त्यामुळे त्यांना मिळेल तेवढे खनिज हवे होते. भारताची खनिज निर्यात पुढे वर्षाला १० कोटी टनांवर गेली. आपल्या डोंगरातील दगड समुद्रापलीकडे जाऊन, वितळून, साच्यात ओतून आणि पुन्हा समुद्र ओलांडून पुण्याला येत होता, आणि तो काही तासांवर असलेल्या आमच्या भट्टीतील कास्टिंगपेक्षा स्वस्त पडत होता.

अनेक जण याचे कारण चीनमधील स्वस्त मजुरी म्हणून सांगतात. मजुरीचा वाटा आहे, पण कास्टिंगमध्ये मजुरी हा सर्वांत मोठा खर्च नसतो; तो मान धातूचा आणि इंधनाचा. चीनने काय केले ते नीट पाहिले पाहिजे. २००६ च्या अखेरीस त्यांनी पिग आयर्नवर निर्यातकर बसवला आणि २००८ मध्ये तो २५ टक्क्यांपर्यंत नेला. कोकच्या निर्यातीवर कोटा होताच, वर निर्यातकर २००८ च्या ऑगस्टमध्ये ४० टक्क्यांवर नेला. याउलट, घडवलेला माल बाहेर पाठवणाऱ्याला व्हॅटचा परतावा मिळत राहिला. म्हणजे त्यांच्या फौंड्रीला धातू आणि कोक घरच्या दरात, आणि आम्हाला त्याच देशाचा कोक करासकट. अमेरिका, युरोपीय संघ आणि मेक्सिको यांनी २००९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, २०१२ मध्ये निकाल चीनच्या विरोधात गेला आणि २०१३ पासून कोकवरचा तो कर उठला. पण तोपर्यंत ग्राहक एकदा तिकडे वळले ते वळलेच.

आपण त्या काळात काय करीत होतो? २००७ च्या अर्थसंकल्पात खनिजावर टनामागे ३०० रुपये निर्यातकर लागला, आणि दोनतीन महिन्यांत ६२ टक्क्यांपर्यंत लोह असलेल्या चुऱ्यावर तो ५० रुपयांवर आणला गेला. २००८ च्या जूनमध्ये तो मूल्याच्या १५ टक्के झाला आणि डिसेंबरमध्ये चुऱ्यावरून पूर्ण निघाला. पुढे तो हळूहळू वाढत २०११ च्या अखेरीस ३० टक्क्यांवर गेला, पण तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बळ्ळारीच्या खाणी बंदच झाल्या होत्या. रिकाम्या गोठ्याला कडी लावण्याचा हा प्रकार होता.

याच विषयावर आमचे दाजी आणि मी यांच्यात इतकी वर्षे वाद चालू आहे. दाजी रामनगरचे. त्यांचे खनिज वाहतुकीचे ट्रक होते आणि त्या तेजीत त्यांनी घर बांधले, मुलांना शिकवले, बहिणीला काही कमी पडू दिले नाही. हे मी नाकारत नाही. गणपतीच्या जेवणावर मी पुण्याची हकिकत सांगितली तेव्हा ते म्हणाले, ‘‘तुझ्या भट्टीत पन्नास माणसे आहेत. या रस्त्यावर हजारो घरांची चूल पेटते आहे आणि देशाला डॉलर मिळत आहेत. तुला स्वस्त लोखंड मिळावे म्हणून आम्ही ट्रक उभे करायचे का?’’ मी म्हटले की दगड विकून मिळालेला डॉलर एकदाच मिळतो, आणि त्याच दगडाचे कास्टिंग परत विकत घेताना तो कितीतरी पटींनी परत द्यावा लागतो. जेवण संपले, वाद संपला नाही. त्याच वर्षी आमची पुण्याची ऑर्डर निम्म्यावर आली, रात्रपाळी बंद झाली आणि आमच्याकडील खानापूर तालुक्यातले काही चांगले मोल्डर गोव्यात खाणीच्या कामावर गेले. साचा भरण्याची नजर यायला वर्षे लागतात, आणि ती माणसे पुन्हा फौंड्रीत आली नाहीत.

२०१० च्या जुलैमध्ये कर्नाटक सरकारने राज्यातून होणारी खनिज निर्यात थांबवली, २०११ मध्ये लोकायुक्त संतोष हेगडे यांचा बेकायदा खाणकामावरचा अहवाल आला, खाणी बंद झाल्या आणि २०१२ मध्ये गोव्यातीलही थांबल्या. दाजींचे ट्रक दारात उभे राहिले आणि हप्ते मात्र थांबले नाहीत. त्याचा मला आनंद झाला नाही, आणि झाला असे ते आजही समजतात. त्यांचा धंदा बुडाला तो बेकायदा उत्खननामुळे. निर्यातकराने बुडाला नाही. कर वेळेवर आणि हिशेबाने लागला असता, तर ती बेसुमार घाई झालीच नसती आणि ट्रकही कमी पण कायम चालले असते, असे माझे मत आहे.

ज्याला हे केवळ पुस्तकी वाटते त्याने २०२२ आठवावे. त्या वर्षी २२ मे पासून केंद्र सरकारने खनिजावरील निर्यातकर ५० टक्क्यांवर नेला, ५८ टक्क्यांहून कमी लोह असलेले खनिजही त्यात धरले, पिग आयर्नवर १५ टक्के निर्यातकर लावला आणि कोकवरील आयात शुल्क शून्य केले. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने पिग आयर्नचे दर उतरताना पाहिले. हातचे गेलेले एक गिऱ्हाईक त्या काळात आमच्याकडे परत चौकशीला आले आणि काही काम देऊन गेले. १९ नोव्हेंबरला हे सर्व मागे घेण्यात आले, कारण पोलाद कारखाने आणि निर्यातदार यांचा आवाज दिल्लीला ऐकू जातो, आणि उद्यमबाग, मच्छे, शिरोली या बेळगाव-कोल्हापूरकडील वसाहतींतल्या फौंड्रीवाल्यांचा जात नाही.

दाजींच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गोव्याचे कमी लोहाचे खनिज आणि चुरा त्या वेळी भारतात घेणारे कारखाने फार थोडे होते. ते तसेच ठेवले असते तर खाणींच्या तोंडाशी ढीग साचले असते. चुऱ्याचे ढेकूळ आणि गोळ्या बनवणारे, म्हणजे सिंटर आणि पेलेटचे, कारखाने वाढल्यावर ही स्थिती बदलली आहे, तरी पूर्ण बदललेली नाही. त्यामुळे ५० टक्के कर कायम असावा असे मी म्हणणार नाही. जागतिक दर चढले की कर चढावा, उतरले की उतरावा, आणि तो आधी जाहीर केलेल्या कोष्टकाप्रमाणे असावा, रातोरात निघालेल्या अधिसूचनेप्रमाणे नसावा.

आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. चीनचा तयार माल, उदाहरणार्थ पंप, व्हॉल्व्ह, कास्टिंग यांवर शुल्क किंवा गुणवत्तेची कडक तपासणी लावली तर आमच्यासारख्यांना फायदा होईल. कच्च्या मालावर आणि यंत्रांवर लावली तर तोटा होईल, आणि सरकार बहुधा हेच करते, कारण कच्चा माल बनवणारे मोठे आणि थोडे असतात, वापरणारे लहान आणि विखुरलेले. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये चीनच्या कोकवर टनामागे २५.२० डॉलर अँटी-डंपिंग शुल्क (फार स्वस्तात येणारा परदेशी माल रोखणारे शुल्क) लागले, तेव्हा देशातील कोक उत्पादकांचे रक्षण झाले आणि बिल आमच्या कुपोलांनी, म्हणजे कोकवर चालणाऱ्या भट्ट्यांनी, भरले. आपण स्वतः कारखाना काढण्याचा विचार करीत असाल, तर बहिष्काराच्या भरवशावर काढू नये. मॅग्नेशियम आणि इन्सर्टचा दोनतीन महिन्यांचा साठा भांडवलात धरावा, आणि ऑर्डर घेताना पिग आयर्नच्या दराशी बांधलेली दरबदलाची अट लेखी घ्यावी. खरेदी विभाग ही अट प्रथम नाकारतो, पण दुसऱ्या पुरवठादारानेही तीच मागितली की मान्य करतो.

माझा सर्व हिशेब बिडाच्या कास्टिंगचा आहे. ॲल्युमिनियम डाय-कास्टिंग, इलेक्ट्रॉनिक्स किंवा बेळगावातील वडगाव-शहापूरचे यंत्रमाग यांचे गणित वेगळे असू शकते, आणि त्याविषयी त्या धंद्यातील माणसालाच विचारलेले बरे. दाजी हे उत्तर वाचतील आणि त्यांचे म्हणणे खाली लिहितीलच. तेही आपण वाचावे.