चालू साचे, पाडलेल्या चाळी आणि धाब्याचं घर

प्रश्न : माझी लेक बोस्टनजवळ राहते. तिनं लोवेल गावातल्या कापड मिलचे दोन फोटो पाठवलेत, एक जुना आणि एक आताचा. दोन्हींत तीच लाल विटांची इमारत, तोच घड्याळाचा मनोरा. आमच्या ह्यांनी पंचवीस वर्षं मिलमध्ये साचे, म्हणजे यंत्रमाग, चालवले. फोटो पाहून ते एवढंच म्हणाले, "आते तठे काय शे?" खरंच, आत आता काय आहे? आणि त्यांना ती टिकवता कशी आली?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, यजमानांना सांगा, आत साचे आहेत. आणि ते नुसते मांडलेले नाहीत, चालतात. अमेरिकेत थोरल्याकडे गेलो होतो तेव्हा मी हट्टानं ती मिल बघायला गेलो. 'बूट' हे त्या कापड मिलचं नाव. तळमजल्यावर ऐंशीच्या वर साचे आहेत, त्यातले थोडेच एका वेळी चालू ठेवतात. आत सोडताना कानात घालायला बोळे दिले. पाऊल टाकलं तशी पायाखालची फळी थरथरली. तेलाचा आणि सुताच्या भुशाचा तो वास आला आणि मी मिनिटभर तिथेच उभा राहिलो. माझे वडील साचेखात्यातले. जेवताना "मीठ दे" म्हणायचे ते शेजारच्या अंगणात ऐकू जायचं आणि आई वैतागायची. त्यांना कुणी बोळे दिले नव्हते. तिथं विणलेला एक टॉवेल मी विकत आणला, आमच्याकडे तो भाकरीच्या टोपलीत असतो.

फ्रान्सिस कॅबट लोवेल या बोस्टनच्या व्यापाऱ्यानं इंग्लंडमधले यंत्रमाग पाहून त्यांची रचना डोक्यात साठवून आणली. तो 1817 मध्ये वारला. त्याच्या नावाचं हे गाव भागीदारांनी नंतर वसवलं, म्हणजे त्यानं ते कधी पाहिलंच नाही. मेरिमॅक नदी तिथे सुमारे 32 फूट खाली उतरते. ते पाणी कालव्यांनी फिरवून मिल चालवल्या. कामाला आल्या त्या शेतकऱ्यांच्या मुली. त्या कंपनीच्या चाळींत राहायच्या आणि आपल्याकडे भोंगा तशी तिथे घंटा असायची. 1834 आणि 1836 मध्ये या पोरींनी संपही केला.

आता टिकवण्याचं. सगळं टिकलं असं समजू नका. बूट मिलचं काम 1950 नंतरच्या दशकात थांबलं. पुढे जुन्या मिलच्या काही इमारती पाडल्या गेल्या, आणि 1966 मध्ये डटन रस्त्यावरची मुलींच्या चाळींची ओळही गेली. ती गेल्यावर गाव हळहळलं. 1978 मध्ये तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान, म्हणजे सरकारनं जपायचा परिसर, झालं आणि उरलेल्या मिल वाचल्या. बूट मिलच्या काही भागात आता लोक राहतात, काही भागात कचेऱ्या आहेत. मला विचाराल तर यातच शहाणपण आहे. नुसत्या संग्रहालयावर एवढ्या भिंती कोण सांभाळणार?

फोटोत न दिसणारं एक सांगतो. त्या साच्यांवरचा कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला असे. त्याचंच जाडंभरडं कापड परत त्यांच्याच अंगावर जाई, आणि त्या कापडाला 'लोवेल' म्हणत. 1861 मध्ये अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पेटलं. मालकांनी साठवलेला कापूस विकून साचे बंद केले, कामगार रस्त्यावर आले. तिकडे कापूस अडला आणि इकडे खानदेशाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या सालांत कुणी बैलगाडीच्या चाकांना चांदीची धाव बसवली होती म्हणे. आमची आजी हे शपथेवर सांगायची, पण आजीच्या शपथा बऱ्याच असत.

प्रश्न : अमेरिकेतल्या विल्यम्सबर्ग गावचा गव्हर्नरचा वाडा तीनशे वर्षांचा असूनही इतका कोरा कसा दिसतो?
— एक विद्यार्थी, धुळे

उत्तर : कारण तो तीनशे वर्षांचा नाही. मूळ वाडा 1781 मध्ये जळाला. आजचा उभा राहिला 1930 नंतर, अमेरिकेतले धनाढ्य जॉन रॉकफेलर (धाकटे) यांच्या पैशातून. जमिनीतला जुना पाया, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसननं स्वतः काढलेला नकाशा आणि ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात सापडलेला, वाड्याचं चित्र कोरलेला तांब्याचा पत्रा, एवढ्यावर तो बांधला. मधल्या काळात त्या जागी शाळा होती. म्हणजे आधीच्या फोटोत शाळा आणि नंतरच्या फोटोत तिच्याहून जुना दिसणारा वाडा! 'तेव्हा आणि आता'च्या जोड्या बघताना खालची साल वाचत जा.

प्रश्न : आमचं धाब्याचं घर दिवाळीनंतर उतरवणार आहेत. आजोबांच्या काळातला एक फोटो आहे. त्याच जागेवरून आताचा कसा काढावा?
— एक वाचक, पारोळा

उत्तर : दादा, फोटोत एक जवळची आणि एक लांबची वस्तू शोधा. समजा, तुमच्या ओट्याचा कोपरा आणि मागे मारुतीच्या देवळाचा कळस. जुन्या फोटोत कोपरा कळसाला जेवढा झाकतो तेवढाच झाकेपर्यंत डावी-उजवीकडे सरका. मग दोघांचं लहानमोठेपण जुळेपर्यंत पुढे-मागे व्हा. आजोबांच्या वेळचा कॅमेरा बहुतेक पोटाशी धरलेला असेल, तेव्हा तुम्हीही मोबाईल खाली घ्या. सावल्या पाहून वेळ ठरवा.

पण एवढ्यावर थांबू नका. 1933 मध्ये मंदीनं अमेरिकेतले वास्तुविशारद आणि ड्राफ्ट्समन बेकार झाले, तेव्हा सरकारी वास्तुविशारद चार्ल्स पीटरसन यांच्या सूचनेवरून सरकारनं त्यांना जुन्या इमारती मोजून त्यांच्या नकाशा-फोटोंचा संग्रह करायला लावलं. ते काम अजून चालू आहे. न्यूयॉर्कचं पेनसिल्व्हेनिया स्टेशन 1963 पासून पाडलं, पण त्याचे फोटो त्या संग्रहात आहेत आणि कुणालाही फुकट बघता येतात.

तुम्हीही टेप घ्या. प्रत्येक खोलीच्या चार भिंती मोजाल, पण दोन्ही कर्णही मोजा. जुन्या खोल्या काटकोनात नसतात, आणि कर्णाशिवाय कागदावर नकाशा जुळत नाही. तुळया किती, खण किती, देवळ्या कुठे, हे लिहा. टेपचं दुसरं टोक धरायला नातवाला घ्या. आणि भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मोजा, बाहेरून अंदाजानं नको.