जुन्या माझदा एमएक्स-५ चे मागचे ब्रेक जाम झालेत, कॅलिपर (चकतीवर ब्रेक पॅड दाबणारे भाग) बदलावेच लागतील का?

लगेच नवे घेऊ नका. पुढच्या चाकांना अडण लावा, गाडी स्टँडवर घ्या आणि हँडब्रेक सोडून बघा: कॅलिपरवरची लिव्हर मूळ जागी परत येते का? येत असेल तर बहुतेक वेळा स्लाइड पिनाच (ज्यांवर कॅलिपर सरकतो) गंजून अडकलेल्या असतात. काढून साफ करा, रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं.

पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या) मात्र सी-क्लॅम्पने (सी आकाराच्या शिकंज्याने) दाबू नका, कृपया! १९८९ ते २००५ च्या मॉडेलांत आत हँडब्रेकचा स्क्रू असतो. कॅलिपरच्या मागचा १४ मिमीचा बोल्ट काढून त्या भोकात ४ मिमीची ॲलन की (षट्कोनी चावी) घालून डावीकडे फिरवा, पिस्टन आत जातो. जोडल्यावर पॅड चकतीला टेकेपर्यंत तीच की उजवीकडे, मग एक तृतीयांश फेरा मागे.

लिव्हरच अडकली असेल तर रिकंडिशन केलेले कॅलिपर बसवा, दोन्ही बाजूंना, आणि ब्रेकमधली हवा नीट काढा.