एमडी पॅथॉलॉजीनंतर गॅस्ट्रो-लिव्हर, आणि मग परत परभणीला?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: एमडी पॅथॉलॉजीचं शेवटचं वर्ष आहे, आवड आतडं आणि लिव्हरच्या बायॉप्स्यांची, घर परभणी जिल्ह्यात. सर म्हणतात मुंबई-दिल्लीला जा, घरचे म्हणतात गावात लॅब टाक. आणि तुला विचारायचंय की मराठवाड्यात राहून या विषयात काम आणि संशोधन होऊ शकतं का. माझ्याआधी उत्तर देणाऱ्या दोघांनी 'स्कोप नाही' असं एका ओळीत उरकलंय. मी पंचवीस वर्षं हेच करतेय, त्यातली बरीचशी छत्रपती संभाजीनगरात, म्हणून जरा लांब लिहिते. अगं-तुगं करते, राग मानू नकोस. माझी लेक तुझ्याच वयाची आहे.

रुक्ष भाग आधी. एमडीनंतर पीडीसीसी (एका उपविषयाचा सर्टिफिकेट कोर्स) किंवा फेलोशिप करायची. दिल्लीचं आयएलबीएस, लखनौचं एसजीपीजीआय, वेल्लोरचं सीएमसी, मुंबईचं टाटा मेमोरियल या ठिकाणी हे काम रोजचं आहे. जागा मोजक्या असतात, त्यामुळे जाहिरातींवर डोळा ठेव. घर सोडून एखादं वर्ष काढावंच लागेल, त्याला पर्याय नाही. एका वर्षात तिथे जेवढे लिव्हर बघशील तेवढे इथे दहा वर्षांत दिसणार नाहीत.

परत आलीस की मात्र नुसत्या लिव्हरवर तुला कोणी पगार देणार नाही. सकाळी ग्रॉसिंगला, म्हणजे आलेले अवयव कापून तपासायचे तुकडे निवडायला, बसलं की पित्ताशय, अपेंडिक्स, गर्भाशय, मानेतली गाठ, पुन्हा पित्ताशय. लिव्हरचा कोअर, म्हणजे सुईने काढलेला दोऱ्यासारखा तुकडा, आठवड्यातून एखादा. सुई न टोचता लिव्हरचा कडकपणा मोजणारं फायब्रोस्कॅन आल्यापासून तर आणखी कमी. पण जे येतात ते चिवट असतात, कारण सोप्या केसेस आता सुईपर्यंत पोचतच नाहीत. शिवाय ट्रान्सप्लांटचं पॅथॉलॉजी करायचं मनात असेल तर पुणे-मुंबईच गाठ, तिथे मी तुला अडवणार नाही.

फेलोशिपमध्ये न शिकवलेली एक गोष्ट सांगते. एका एप्रिलमध्ये तालुक्याच्या गावाहून एसटीच्या पार्सलने नमुना आला. इंजेक्शनची रिकामी बाटली, बुचावर चिकटपट्टी, आत सलाइन आणि त्यात तरंगणारा लिव्हरचा दोरा. पाठवणाऱ्याची भावना चांगलीच होती. 'ओलं राहावं म्हणून' हे त्याचे शब्द. स्लाइड केली तर पेशींच्या जागी नुसत्या सावल्या, केंद्रकं विरून गेलेली. त्या बाईला दुसऱ्यांदा सुई टोचावी लागली. तेव्हापासून मी बाटल्या आधीच भरून पाठवते: 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिन (पेशी टिकवणारं द्रावण), नमुन्याच्या किमान दहापट. सोबत मराठीत चिठ्ठी, की कोअर दीड-दोन सेंटीमीटर तरी हवा. एक कोअर म्हणजे आख्ख्या लिव्हरचा साधारण पन्नास हजारावा भाग. त्यात अकरा तरी पोर्टल ट्रॅक्ट (रक्तवाहिन्या आणि पित्तनलिकांचे जुडगे) दिसले तर फायब्रोसिसची, म्हणजे लिव्हरमध्ये साचलेल्या तंतूंची, पायरी लिहिताना हात थरथरत नाही. चार ट्रॅक्टवर 'स्टेज 2' लिहिणारे रिपोर्ट मी पाहिलेत. धाडसी माणसं!

आता संशोधन. तू बहुधा 'तसली मशीन इथे कुठे' असं धरून चालली आहेस. रॉबिन वॉरेन हा पर्थच्या हॉस्पिटलातला रोजचे रिपोर्ट करणारा पॅथॉलॉजिस्ट होता. 1979 साली जठराच्या बायॉप्सीत त्याला पृष्ठभागाला चिकटलेले वळणदार जिवाणू दिसले. जठरातल्या आम्लात काही जगत नाही हे तेव्हा सगळ्यांना 'माहीत' होतं, त्यामुळे कोणी ऐकेना. त्याने सिल्व्हर स्टेन (चांदीच्या क्षाराचा रंग) करून ते उठून दिसतील असं केलं आणि पुढची दोन वर्षं केसेस जमवत राहिला. बॅरी मार्शल हा त्याचा डॉक्टर जोडीदार त्यानंतर आला. हेच जिवाणू जठराच्या व्रणांमागे असतात हे दाखवल्याबद्दल 2005 चं नोबेल दोघांना मिळालं. जिवाणू त्याआधीही पुष्कळांच्या स्लाइडवर होतेच की.

याहून जवळची गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातली आहे. मी शिकत असताना आमच्या म्युझियममध्ये एका बरणीत दीड-दोन वर्षांच्या मुलाचं लिव्हर होतं, आक्रसलेलं, बारीक दाणेदार, सुपारीसारखं टणक. चिठ्ठीवर 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस', म्हणजे लहान मुलांचं लिव्हर तंतूंनी आक्रसवणारा आजार. दारू नाही, व्हायरस नाही, तरी एकाच घरातली दोन-दोन भावंडं जायची. सूक्ष्मदर्शकाखाली फुगलेल्या पेशी, त्यांत मॅलरी हायलिन (प्रथिनाचे गोळे) आणि एकेका पेशीला वेढणारे तंतू. ऑर्सिनचा रंग दिला की पेशींत तपकिरी-काळे कण उठून यायचे, म्हणजे तांब्याला धरून बसलेलं प्रथिन. निरोगी लिव्हरमध्ये कोरड्या वजनाच्या ग्रॅममागे 50 मायक्रोग्रॅमच्या आत असणारं तांबं या मुलांत 800 च्याही वर जायचं. ते कुठून येत होतं? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलातल्या बालरोगतज्ज्ञ शीला भावे आणि आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत घराघरांतली भांडी आणि बाळाला वरचं दूध कधी सुरू झालं हे तपासलं. कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं दूध तांबं ओढून घेतं आणि दुधातलं केसीन हे प्रथिन ते धरून ठेवतं. 1983 साली त्यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. जनुकांचा वाटा किती यावर वाद पुढेही चालला, पण पितळी पातेली गेली आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. आमच्या आजीकडे कल्हईवाला यायचा. भाता मारून भांडं लाल करायचा, नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर, मग कापसाच्या बोळ्याने कथील असं फिरवायचा की क्षणात आतून चांदी. आजी पैशांवरून त्याच्याशी भांडायची. ऑर्सिनची ती स्लाइड बघेपर्यंत मला ते भांडण फक्त भांडण वाटायचं.

माझी चूकही सांगते, कारण खरा अभ्यास मला तिने करायला लावला. एका तरुणाची इलिओसीकल भागातली (लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथली) बायॉप्सी होती, ग्रॅन्युलोमा (दाहाच्या पेशींचे गाठीसारखे पुंजके) दिसले आणि मी 'टीबीशी सुसंगत' लिहून मोकळी झाले. आपल्याकडे तेच जास्त, हा मनातला हिशेब. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, दोन-तीन महिन्यांनी आतड्यात पुन्हा दुर्बीण घातली तर व्रण तसेच. डॉक्टरांचा फोन आला, आवाज शांत होता, तेच जास्त लागलं. जुनी स्लाइड काढली. ग्रॅन्युलोमा दोनच, लहान, सुटे, वरच्याच थरात. टीबीचे असते तर मोठे, एकमेकांत मिसळलेले, खोलवरचे, मध्ये केसिएशन (चीजसारखा मेलेला भाग), व्रणाच्या तळाशी एपिथेलिऑइड (ग्रॅन्युलोमा बनवणाऱ्या) पेशींची रांग, असं काहीतरी सापडण्याची शक्यता जास्त. वेल्लोरच्या सीएमसीने 1999 साली भारतीय रुग्णांवर नेमकं हेच मांडलं होतं आणि मी ते वाचलेलंही होतं. क्रोन्स निघाला, म्हणजे टीबीसारखा दिसणारा पण जंतूंचा नसलेला आतड्याचा जुनाट दाह. त्यानंतर मी आमच्या कपाटातल्या सगळ्या जुन्या ग्रॅन्युलोमा केसेस काढून त्यांचा आकार, संख्या आणि थर मोजले, फाइलींतून पुढे काय झालं ते शोधलं. एथिक्स कमिटीची परवानगी, एक रेसिडेंट, एक आयपीस मायक्रोमीटर (सूक्ष्मदर्शकातली मोजपट्टी). एवढंच साहित्य. निम्म्या फाइली सापडल्या नाहीत हा खरा अडथळा होता.

असे प्रश्न इथे रोज ट्रेमध्ये येतात. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा चालू होता. मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 साली सहा रुग्णांची मांडणी केली, बायॉप्सीत ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटल्यासारखं, चित्र. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. आपल्या भागात काढे, भस्मं, 'काविळीचं औषध' किती खपतं तुला माहीत आहे. तरी बायॉप्सीच्या फॉर्मवर तो रकाना रिकामाच येतो. मी फोन करून विचारते. दर वेळी पहिलं उत्तर 'काही नाही घेतलं' असतं, दुसऱ्यांदा विचारलं की बाटली निघते.

घरच्यांच्या लॅबला नाही म्हणू नकोस, शुगर-थायरॉइडवर घर चालतं. पण आठवड्याची एक दुपार गॅस्ट्रोच्या डॉक्टरांसोबत स्लाइड बघायला बांधून घे. आणि आत्ता, कॉलेजात असतानाच दोन गोष्टी बघून ये. विभागात रेटिक्युलिन आणि ऑर्सिन हे रंग नीट लागतात का, आणि जुने ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले नमुने, कुठे ठेवलेत. आमचे काही वर्षं पत्र्याच्या खोलीत होते. मे महिन्यात मेण मऊ होऊन ब्लॉक एकमेकांना चिकटले आणि नंबर पुसले गेले. माझ्या अभ्यासातल्या अकरा केसेस त्यात गेल्या.