जॉइंटमधली तंबाखू हिशेबात धरा

प्रश्न : मी 23 वर्षांचा आहे, पुण्यात नोकरी करतो. सिगारेट ओढत नाही. रोज रात्री गांजा भरलेल्या सिगारेटी, म्हणजे जॉइंट, तीन होतात. प्रत्येकात अर्ध्या सिगारेटची तंबाखू मिसळतो. गेल्या महिन्यात गांजा बंद केला, तर चौथ्या दिवसापासून दिवसाला सात सिगारेटी सुरू झाल्या आणि दहाव्या दिवशी गांजाही परत आला. असं का?

उत्तर : कारण तंबाखू तुम्ही आधीपासून ओढतच होता. रोज दीड सिगारेट, म्हणजे साधारण एक ग्रॅम तंबाखू, तीही खोल ओढून धूर छातीत धरून. ती मोजलीच नाही, त्यामुळे निकोटीनची तलफ तुम्हाला गांजाची वाटत राहिली. गांजा सोडणाऱ्या तरुणांचं अनेकदा इथेच बिनसतं.

निकोटीनची तलफ काही तासांत लागते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त छळते आणि तीन-चार आठवड्यांत ओसरते. गांजाचा त्रास एक-दोन दिवसांनी सुरू होतो आणि पहिल्या आठवड्यात वाढतो : चिडचिड, घाम, भूक मरणं, झोप न लागणं, भडक स्वप्नं. सिगारेटने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पण तोच धूर, तीच मित्रमंडळी, तीच गच्ची, आणि पाऊल परत जॉइंटकडे वळतं.

म्हणून या वेळी दोन्हींसाठी एकच तारीख ठरवा. आधीचे सात दिवस प्रत्येक झुरक्याची वेळ, सोबत कोण होतं आणि आधी काय घडलं ते वहीत लिहा. आदल्या रात्री जॉइंट वळायचे पेपर, ग्राइंडर, लायटर घराबाहेर काढा. तलफेसाठी 2 मिलिग्रॅमची चावायची निकोटीन गोळी (निकोटीन गम) मेडिकलमध्ये मिळते. मात्र उठल्यापासून अर्ध्या तासात सिगारेट लागत असेल, तर 4 मिलिग्रॅमबद्दल डॉक्टरांना विचारा. ही गोळी साध्या च्युइंगमसारखी सतत चघळत राहिलात तर निकोटीन पोटात जातं, उचक्या लागतात, जळजळ होते, आणि माणूस ‘हिचा उपयोग नाही’ म्हणून ती टाकून देतो. हळूहळू चावा, तिखट चव आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा, चव गेली की पुन्हा चावा. असं अर्धा तास. तोंडात गोळी असताना आणि त्याआधी 15 मिनिटं चहा, कॉफी, सरबत नको, कारण आंबटपणामुळे निकोटीन नीट शोषलं जात नाही.

चहा-कॉफीही निम्मी करा. धुरामुळे शरीर कॅफिन भराभर संपवत असतं. धूर थांबला की तेवढ्याच कपांनी छाती धडधडते, झोप उडते, आणि दोष सोडण्यावर येतो. झोपेसाठी दारू किंवा मनाने घेतलेल्या गोळ्या अजिबात नकोत. स्वप्नं बहुधा काही आठवड्यांत निवतात. मात्र कानात आवाज येणं किंवा सगळे आपल्यावर टपलेत असा संशय, असं काही झालं तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

प्रश्न : मुलगा 20 वर्षांचा, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खातो, गांजाही ओढतो. दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल का? – एक आई, नागपूर जिल्हा

उत्तर : ताई, या भीतीपायी उपचार थांबवू नका. गांजा ओढणं हा 1985च्या अमली पदार्थ कायद्याखाली गुन्हा आहेच. पण त्याच कायद्याचं कलम 64-अ व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला, तर सेवनाच्या गुन्ह्यातून संरक्षण देतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं, म्हणून शेवटपर्यंत न्या. चौकशीसाठी 14446 हा निःशुल्क क्रमांक आहे, तंबाखूसाठी 1800-112-356.

खर्ऱ्याकडे दुर्लक्ष करू नका. त्यातल्या सुपारीने तोंडाची आतली त्वचा ताठर होते. मुलाला तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी आत घालायला सांगा. जात नसतील, किंवा तिखट खाताना आग होत असेल, तर याच आठवड्यात दंतवैद्यांना दाखवा. तोंड एकदा आवळलं की पहिल्यासारखं उघडणं फार अवघड असतं, पण खर्रा आजच सुटला तर पुढचं आवळणं थोपवता येतं.