आईला घेऊन एका दिवसात बडोद्यात कोणती चित्रं बघावीत?

मी बडोदेकर, त्यामुळे थोडं भरभरून लिहितोय. तुम्ही म्हणताय एकच दिवस आहे, आई सोबत आहे आणि चित्रंच बघायचीत, तर सोमवार टाळा आणि सगळं बघायचा हट्ट धरू नका.

सकाळी कमाटीबाग, म्हणजे सयाजीबाग. तिथल्या म्युझियममध्ये ममी आणि देवमाशाचा सांगाडा बघायला गर्दी असते, तुम्ही अकोट्याच्या (हा बडोद्यातलाच भाग) जैन कांस्यमूर्ती बघून सरळ पिक्चर गॅलरीत जा. ही इमारत १९१४ला बांधून झाली पण उघडली १९२१ला, कारण सयाजीरावांनी युरोपातून घेतलेली चित्रं पहिल्या महायुद्धामुळे तिकडेच अडकली होती. आपल्या गावच्या लोकांना अस्सल युरोपियन चित्रं बघता यावीत म्हणून एवढा खटाटोप करणारा राजा, मला अजून भरून येतं.

मग रावपुऱ्यात सेव उसळ खा आणि तांबेकर वाडा. दिवाण भाऊ तांबेकरांचा लाकडी वाडा, वर भिंतभर चित्रं, कृष्णलीला, महाभारत आणि चक्क इंग्रज-मराठे लढाई पण. जिने मात्र अरुंद आहेत, आईंचे गुडघे दुखत असतील तर हे सोडा, वाईट वाटून घेऊ नका.

दुपार पूर्ण फत्तेसिंग म्युझियमला द्या, लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातच आहे. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं! सयाजीरावांनी पुराणातल्या प्रसंगांवर काढून घेतलेली. लक्ष्मी-सरस्वती आईंनी देवघरातल्या छापील तसबिरीत बघितल्याच असतील, इथे त्या मोठ्या आकारात तैलरंगात समोर उभ्या राहतात. एक करा, विश्वामित्र-मेनकासारख्या कुठल्याही एका चित्राच्या जरा जवळ जाऊन दागिने बघा, मोती म्हणजे पांढऱ्या रंगाचा नुसता टिपका असतो, दोन पावलं मागे आलात की तो चमकायला लागतो आणि साडीच्या काठाची जर पण तशीच. दहा चित्रांपुढून भराभर जाण्यापेक्षा एकापुढे पंधरा मिनिटं थांबा असं मी सगळ्या पाहुण्यांना सांगतो. फोटो काढू देत नाहीत, ते उलट बरंच आहे.

संध्याकाळी अंगात त्राण असेल तर सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत चक्कर मारा. १९५०ची संस्था, चित्रकार ना. श्री. बेंद्रे इथेच शिकवायचे. शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस आलात तर पोरांचा वार्षिक डिस्प्ले लागलेला असतो, मग मात्र रविवर्म्यातला अर्धा तास कापून तो बघाच, आणि तिथल्या पोरांना बिनधास्त प्रश्न विचारा, खूप आपुलकीने समजावून सांगतात.