बहिणीला एमएस आहे, डॉक्टर पुण्यात. सोलापुरात बसून मोबाइलवर काय काय सांभाळता येतं?

तुम्ही लिहिलंय की धाकट्या बहिणीला सहा महिन्यांपूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) निघालं, तिचं सगळं तुम्हीच बघता आणि ढीगभर ॲप्समधून कुठलं घ्यावं ते कळत नाही. मला २०१७ पासून एमएस आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते, त्यामुळे ॲपपेक्षा मला रोजमेळच जवळचा वाटतो.

पहिली दोन वर्षं माझंही असंच चाललं होतं. पुण्याला जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर, आणि आत गेल्यावर मिळायची दहा मिनिटं. डॉक्टरांनी ‘कशा आहात?’ विचारलं की ‘ठीक आहे’ म्हणून मोकळी. परत निघताना लिफ्टपाशी आठवायचं की मागच्या महिन्यात चार दिवस हातातून कप सुटत होता. मग गूगल शीट उघडली. एक दिवस, एक ओळ. झोप किती, थकवा दहापैकी किती, शहराचं कमाल तापमान, गोळी घेतली का, पाळी, ताप किंवा लघवीला जळजळ. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: नवीन काही जाणवलं तर किती वाजता सुरू झालं आणि किती वाजता गेलं.

त्याचं कारण सांगते. एका एप्रिलमध्ये डावा पाय जड पडायला लागला. कामावरून घरी येईपर्यंत अक्षरशः ओढत आणायचा. मला वाटलं, झालं, पुन्हा अटॅक आला. रात्री रडून घेतलं, पुण्याच्या गाडीचं तिकीटही काढलं. मग शीट खाली-वर करून बघितली. रोज दुपारी दोननंतर सुरुवात, रात्री दहापर्यंत पाय मोकळा, आणि शेजारच्या रकान्यात ४१, ४२, ४२. सोलापूरचं ऊन म्हणजे ऊनच की! एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं मायलिनचं आवरण खरवडते. आवरण गेलेल्या नसेतून संदेश तसाही जेमतेम जातो, अंग अर्ध्या अंशाने तापलं तरी तो अडखळतो. विल्हेल्म उथॉफ या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरांनी १८९० साली श्रमानंतर रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते हे नोंदवलं, पुढे या सगळ्यालाच उथॉफचं नाव पडलं. अंग थंड झालं की त्रास ओसरतो, नसेला नवीन इजा झालेली नसते. तिकीट रद्द केलं. मानेभोवती ओला पंचा गुंडाळला आणि मालकांना सांगून कामाची वेळ सकाळी सातची करून घेतली.

याउलट पुढच्या श्रावणात कमरेखाली बधिरपणा आला तो गेलाच नाही. डॉक्टर ढोबळमानाने असं धरतात: नवीन त्रास किंवा एकदम वाढलेला जुना त्रास सलग २४ तासांपेक्षा जास्त टिकला आणि ताप-संसर्ग नसेल, तर तो रिलॅप्स, म्हणजे आजाराचा नवा अटॅक. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शीट आणि चालतानाचा व्हिडिओ पुण्याला पाठवला. आधी लघवीची तपासणी करायला सांगितली (संसर्ग असेल तर जुनीच लक्षणं डोकं वर काढतात), ती साफ आली. मग रोज एक ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, पाच दिवस सलाइनमधून, इथेच सोलापुरात. पण हे फोनवर जमलं कारण डॉक्टर मला आधीपासून ओळखत होते. डोळ्याचा पडदा बघणं किंवा हातोडीने गुडघा ठोकणं व्हिडिओ कॉलवर होत नाही. वर्षातून दोनदा मी जातेच.

एमआरआयचा नुसता कागदी रिपोर्ट जपून भागत नाही. जुन्या प्रतिमांशी नव्या ताडून बघाव्या लागतात, आणि सीडी तर कपाटातल्या कपाटात खराब होऊ शकतात. सेंटरवरूनच सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर मागा आणि त्याच दिवशी गूगल ड्राइव्हवर चढवून ठेवा. मी एमएससाठी डायमिथाइल फ्युमरेट ही गोळी घेते, दिवसातून दोनदा. त्याला दोन गजर आणि लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मोजायच्या रक्ततपासणीची कॅलेंडरवर आठवण, एवढं पुरतं. ही गोळी उपाशीपोटी घेतली की चेहरा मिरची लावल्यासारखा भाजतो. शेंगाचटणी-भाकरी खाऊन घेतली तर बरं, हे मात्र ॲपने नाही, मलाच रोजमेळाने दाखवलं.

पावलं मोजणारं ॲप मी काढून टाकलं. थकव्याच्या दिवशी ते ‘आज फक्त ८०० पावलं!’ म्हणून हिणवायचं. नातेवाइकांच्या ग्रुपवर प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे येतील, त्यांनाही हात जोडा. इथे प्रतिकारशक्तीच वाट चुकलीय, तिला आणखी खुराक कशाला? शिवाय गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे. बहिणीच्या गोळ्या यकृतावर ताण देणाऱ्या असतील तर हे विशेष लक्षात ठेवा.

सरकारी कामाचं थोडक्यात: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज ऑनलाइन भरता येतो, तपासणीला मात्र स्वतः जावं लागतं. आणि १९८५ पासून काम करणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाची पुण्यात शाखा आहे. पुढच्या फेरीला बहिणीला तिथे घेऊन जा. आपल्यासारखंच लंगडत हसणारं कुणी भेटलं की तिला बरं वाटेल.

एक विनंती. शीट बहिणीच्या फोनवर, तिच्याच हाताने भरू द्या, आणि तुम्हाला दाखवायची की नाही तेही तिलाच ठरवू द्या. मागे माझा हात चालत नव्हता तेव्हा नवऱ्याने तीन आठवडे ती भरली. मनापासून, रोज न चुकता. नंतर उघडून बघितली तर एकवीस ओळींत एकच शब्द: ‘बरी.’