24 कापडी डायपरांचा सेट हप्त्यावर घेऊ का?

फोंड्याच्या एका ताईंनी विचारलंय: मेअखेरीस बाळ येणार आहे. कापडी डायपरांचा 24 चा सेट 10,800 रुपयांना क्रेडिट कार्डाच्या हप्त्यावर घ्यावा, की 10 रुपयांना एक पडणारे, वापरून फेकायचेच बरे?

ताई, कापडीच घ्या. पण 24 नको, हप्त्यावर नको, आणि पावसाआधी तर नकोच.

नवजात बाळाच्या मांड्या बारीक असतात. बटणं अगदी आतल्या ओळीत लावली तरी पायाशी फट राहते आणि तिथूनच गळतं. पाचेक किलोनंतर हे डायपर नीट बसतात. तोवर दिवसा जुन्या सुती साडीचे 30 तरी लंगोट, रात्री विकतचे, फेकायचे. कापडींची खरेदी ऑक्टोबरात, ऊन पडल्यावर.

तेव्हा दिवसाला पाच डायपर लागतील. सगळे विकतचे म्हटले तर महिन्याला 1,500. गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे पैसे मिळत असतील, तर ते तिथेच संपले. त्याऐवजी 12 कापडी (5,400) आणि 12 जादा पॅड, म्हणजे कव्हरच्या आत घालायच्या शोषक घड्या (120 प्रमाणे 1,440) घ्या, रात्रीचा एक विकतचा ठेवा. मग महिन्याला 300 डायपरचे, आणि दिवसाआड धुण्याचे साबण-वीज धरून सव्वादोनशे. वाचतात 975. घातलेले 6,840 सात महिन्यांत वसूल होतात. दुसऱ्या डझनाने वाचतो फक्त रात्रीचा एक, म्हणजे महिन्याला 300. त्याचे 5,400 सुटायला दीड वर्ष लागेल, तोवर बाळ दोन वर्षांचं होत आलेलं असेल. आणि हप्ता 'बिनव्याजी' म्हटला तरी प्रोसेसिंग फी आणि जीएसटी बहुधा लागतोच.

जादा पॅड का? पुढच्या जूनमध्ये बाहेरचं कव्हर पंख्याखाली काही तासांत वाळतं, बांबूचं जाड पॅड दोन दिवस दमट राहतं आणि कुबट वास धरतं. म्हणून जादा पॅड मायक्रोफायबरचे घ्या. मात्र ते कातडीला थेट लावायचे नाहीत, कव्हरच्या खिशातच घालायचे.

पैसे वाया जातात ते चुकीच्या धुण्याने. शी संडासात झटकून थंड पाण्याने खळबळा, भिजत ठेवू नका. कपडे मऊ करायचं औषध आणि झिंकचं मलम, दोन्हींचा थर कापडावर बसतो, मग पाणी शोषलंच जात नाही. कव्हरला इस्त्री लावू नका, आतला थर वितळतो.

आधी तीनच आणा. आठवडाभर वापरून मांडीवर वळ उठत नाहीत ना, ते बघा. मगच उरलेले नऊ, रोखीने.